गवत ऐकत नाही

मंडळी, स्टेडियम म्हटलं की आपण आधी विचारतो, माणसं किती मावतात? सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियममध्ये 55 हजार. झालं, माणसांचा विषय संपला. आज मी गवताबद्दल बोलणार आहे. ज्यांना टेलर स्विफ्टबद्दल ऐकायचंय त्यांनी जरा दम धरा, तीही येतेय.

सिंगापूरच्या कलांग भागात 1973 सालचं जुनं स्टेडियम होतं. ते पाडून 2014 मध्ये नवं उघडलं. 310 मीटर व्यासाचा घुमट, मध्ये एक खांब नाही, वरचं छप्पर सरकतं. खालच्या खुर्च्याही सरकतात. फुटबॉलला प्रेक्षक अगदी रेषेजवळ हवेत, शर्यतींना धावपट्टी मोकळी करायची तर त्याच खुर्च्या मागे घ्यायच्या. लोखंड ऐकतं हो, मोटर लावली की सरकतं. गवत ऐकत नाही.

पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे ब्राझील-जपान सामना झाला. नेमारने चारच्या चार गोल केले, 4-0. चर्चा मात्र मैदानातल्या वाळूची! आता सिंगापूर विषुववृत्ताला चिकटलेलं, तिथे उन्हाचा काय तोटा? पण घुमटाचा कडेचा भाग पक्का आहे. छप्पर पूर्ण उघडलं तरी सावली पडतेच, आणि सावलीत हिरवळ धरत नाही. त्या देशात गवताला दिवे दाखवायची वेळ आली! पुढच्या वर्षी हिरवळच बदलली. आपल्याकडे भाताचा तरवा वेगळा वाढवून मग लावणी करतात ना, साधारण तसं: बाहेर वाढवायची आणि आणून अंथरायची.

बरं, मग अशा मैदानावर गाण्याचे कार्यक्रम कशाला घ्यायचे? कारण एवढ्या खुर्च्या भरतील असे सामने वर्षात होतात किती? 2024 च्या जानेवारीत कोल्डप्लेच्या सहा रात्री, मार्चमध्ये टेलर स्विफ्टच्या सहा. आग्नेय आशियात ती दुसरीकडे कुठे गेलीच नाही. सिंगापूर सरकारने त्यासाठी अनुदान दिलं, शेजारी देश कुरकुरले. त्याआधी 2022 च्या अखेरीस सरकारने हे सगळं संकुल खाजगी कंपन्यांकडून आपल्या ताब्यात घेतलं होतं. आणि अशा प्रत्येक कार्यक्रमाला गवतावर आच्छादन, त्यावर मंच, त्यावर नाचणारी माणसं. खाली गवत अंधारात.

आपलं नेरूळचं डी. वाय. पाटील बघा. 2025 च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम, 2 नोव्हेंबरला महिला विश्वचषकाची अंतिम लढत. मैदानावर छप्पर नाही, त्यामुळे मधल्या काळात ऊन मिळालं, पाऊस मिळाला. मी तर म्हणेन, गवताचं भाग्य थोर. पण त्या अंतिम दिवशीही पाऊस आला, सामना दोन तास उशिरा सुरू झाला, आणि गवताची एवढी कड घेणारा मी टीव्हीसमोर चडफडत होतो, “छप्पर का नाही बांधलं यांनी?”