‘कार्ड’ : एका एस्कॉर्ट कॅरियरची दुसरी नोकरी

विमानवाहू नौका म्हटलं की आपल्याला जुनी ‘विक्रांत’ आठवते. मुंबईत ती संग्रहालय होती तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी तिच्या डेकवर फेरफटका मारला असेल. आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे ती तिच्याहूनही साठेक मीटरनं आखूड. नाव ‘कार्ड’, अमेरिकन नौदलातली, बोग वर्गातली एस्कॉर्ट कॅरियर, म्हणजे ताफ्यांच्या रक्षणासाठीची छोटी विमानवाहू नौका.

तिचा जन्मच निकडीतून झाला. अटलांटिकच्या मध्यावर किनाऱ्यावरची विमानं पोचत नसत, आणि नेमक्या तिथंच जर्मन पाणबुड्या मालवाहू ताफ्यांवर तुटून पडत. मोठी विमानवाहू नौका बांधत बसायला वेळ कुणाकडे होता? मग टॅकोमाच्या गोदीत सी-३ नावाच्या ठरावीक आराखड्याच्या व्यापारी जहाजांचे सांगाडे घेतले आणि त्यांच्यावर हँगर नि सपाट डेक चढवला. ‘कार्ड’ फेब्रुवारी १९४२ मध्ये पाण्यात उतरली, नोव्हेंबरात नौदलात आली. लांबी १५१ मीटर, पंखा एकच, वेग फार तर १८ नॉट (तासाला १८ सागरी मैल). त्याच काळातल्या एसेक्स वर्गाच्या मोठ्या विमानवाहू नौका ३३ नॉटनं धावत. हा फरक नुसत्या दिमाखाचा नाही. वाऱ्याच्या तोंडावर जहाज जितक्या जोरात जाईल तितक्या आखूड अंतरात विमान उठतं. ही उणीव काही अंशी कॅटापल्टनं, म्हणजे विमान डेकवरून झटक्यात फेकणाऱ्या यंत्रानं, भरून काढली. चिलखताची उणीव मात्र कशानं भरणार? नोव्हेंबर १९४३ मध्ये ‘लिस्कम बे’ या दुसऱ्या वर्गातल्या एस्कॉर्ट कॅरियरला जपानी टॉर्पेडो लागला, बॉम्बचं कोठार उडालं आणि ६४४ माणसं गेली.

‘कार्ड’च्या विमानांनी ऑगस्ट ते ऑक्टोबर १९४३ या तीन महिन्यांत आठ पाणबुड्या बुडवल्या. वाइल्डकॅट विमान गोळ्या झाडत येई आणि पाणबुडीवरच्या तोफच्यांना डोकं वर काढू देत नसे. मग अ‍ॅव्हेंजर हे बॉम्बफेकी विमान येऊन घाव घाली. त्या आठांपैकी यू-११७ आणि यू-४६० भर समुद्रात इतर पाणबुड्यांना इंधन पुरवत. अशी एक बुडाली की तिच्या भरवशावर निघालेल्यांना घरचा रस्ता धरावा लागे.

मला स्वतःला तिचं युद्धानंतरचं आयुष्य जास्त रंजक वाटतं. १९४६ मध्ये तिला राखीव ताफ्यात टाकलं. जेट विमानं आली. जड, आणि उतरताना भरधाव. या डेकवर त्यांचं काम नव्हतं. कोरियाच्या युद्धात ‘सिसिली’वरून कोर्सेअर विमानं लढली, पण ती एस्कॉर्ट कॅरियर नंतरच्या, मोठ्या वर्गातली. ‘कार्ड’ तशीच पडून राहिली. १९५८ मध्ये लष्करी सागरी वाहतूक सेवेनं तिला बाहेर काढलं, मुलकी खलाशी दिले आणि विमानं पोचवायच्या कामाला लावलं. आता उड्डाणं नाहीत. क्रेननं चढवायचं, क्रेननं उतरवायचं. वेग नाही, चिलखत नाही, पण इथं त्याची गरजच नव्हती. पोट मालासाठीच आखलेलं, वर मोकळा डेक. हेलिकॉप्टरं दाटीवाटीनं उभी करून नेता येत.

डिसेंबर १९६१ मध्ये तिच्याच वर्गातली ‘कोअर’ दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉनच्या धक्क्याला लागली, डेकभर हेलिकॉप्टरं घेऊन, साऱ्या शहराच्या डोळ्यांदेखत. अमेरिका इथं नुसता सल्ला द्यायला आली आहे, यावर त्यानंतर कोण विश्वास ठेवणार? पुढं ‘कार्ड’ही त्याच फेऱ्या करू लागली.

बंदरातच नोकरीला असलेला लाम सोन नाओ हा व्हिएत काँगचा, म्हणजे दक्षिण व्हिएतनामातल्या कम्युनिस्ट गनिमांचा माणूस. त्यानं आधी ‘कोअर’ला स्फोटकं लावून पाहिली होती; बॅटऱ्या जुन्या निघाल्या, काही झालं नाही. मे १९६४ मध्ये तो एका साथीदारासह गटारातून नदीत उतरला. २ मेच्या पहाटे स्फोट झाला, इंजिनरूममध्ये पाणी शिरलं आणि ‘कार्ड’ धक्क्यालाच तळाला टेकली. पाच खलाशी दगावले.

शत्रूनं बुडवलेली अमेरिकेची शेवटची विमानवाहू नौका, असं तिच्याविषयी लिहिलं जातं. मला ते ओढूनताणून वाटतं; त्या रात्री ती मुलकी खलाशांची वाहतूक नौका होती. पण प्रचाराला एवढा बारकावा कशाला हवा? उत्तर व्हिएतनामनं या घटनेवर टपाल तिकीटही काढलं.

पाणी उथळ, म्हणून १७ दिवसांत ती वर आली. आधी फिलिपिन्समधलं सुबिक बे, मग जपानमधलं योकोसुका असं ओढत नेऊन दुरुस्त केली. डिसेंबर १९६४ पासून पुन्हा त्याच फेऱ्या सुरू झाल्या. १९७० मध्ये ती कामावरून काढली आणि पुढच्या वर्षी भंगारात गेली.