मुक्कामाची गाडी

पहाटेचे साडेपाच. गगनबावडा तालुक्यातलं, हमरस्ता सोडून आत असलेलं गाव. रात्रभर देवळासमोर उभी असलेली एसटी आता घुरघुरतेय. चालक जुन्या टॉवेलनं काचेवरचं दव पुसतोय. ही मुक्कामाची गाडी. रात्री सगळ्यांत शेवटी येते, सकाळी सगळ्यांच्या आधी निघते.

बघा कोण कोण चढतंय. स्कार्फ गुंडाळलेल्या कॉलेजच्या मुली. छातीशी दवाखान्याची फाईल धरलेले आजोबा. भाजीची पाटी घेतलेल्या दोघी. “मावशी, पुढं सरा की जरा!” वाहकाचा आवाज, आणि डबल बेल.

2011 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्हा 38 लाख 76 हजार 1 भरला. शंभरातली अडुसष्ट माणसं खेड्यातली. बारा तालुक्यांत सगळ्यांत कमी वस्ती गगनबावड्याची, जेमतेम 35 हजार. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं कागदावर आकडा तोच राहिला. खिडकीशी बसलेली ही पाचवीतली मुलगी त्या आकड्यात नाही.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावागावापुढं सोयींचे रकाने असतात. बस आहे का? रेल्वे आहे का? नसेल तर 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10, की 10 च्या पुढं? रेल्वेचं उत्तर इथं सोपं आहे. 1891 साली मिरजेहून गाडी कोल्हापुरात आली, ती आजही तिथंच थांबते. बसच्या रकान्यात मात्र लिहिलंय, ‘आहे’.

या ‘आहे’साठीच आम्ही इथं आलो. दिवसाला फेऱ्या किती, परतीची शेवटची गाडी कधी, आणि आषाढ-श्रावणात ती किती दिवस येते, हे त्या रकान्यात मावत नाही. मावायला हवं.

हा पाण्यात दिसतोय तो कोल्हापुरी बंधारा. दगडी खांब आणि मधल्या खाचांत बसवायचे बरगे. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढून नदी मोकळी सोडायची. बांधला तो पिकासाठी. पण माथ्यावरून वाट पडली आणि पलीकडच्या वाड्यांसाठी तोच पूल झाला. त्याला कठडा नाही, उंची बेताची. जिल्ह्यातला सगळ्यांत जास्त पाऊस याच तालुक्यात पडतो. कुंभी नदी फुगली की आधी बंधारा बुडतो, मग मांडुकलीजवळ कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर पाणी येतं. शहराचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या पट्टीवर असतं: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पंचगंगा तिथवर चढेपर्यंत इथली वाट कधीच तुटलेली असते.

त्या दिवसांत शाळा बुडते, आणि दिवस भरत आलेल्या बाईला आधीच पाहुण्यांकडं हलवतात.

फाट्यावर वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीप, उभंच असतं. जीप भरली की सुटते, अडीनडीला तेच धावून येतं. पण वडापला पास चालत नाही. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीपासूनच प्रवास फुकट. मावशीच्या मुठीतलं हे चुरगळलेलं तिकीट बघा. अर्ध्या पैशात बाजार होतो म्हणून ती आता आठवड्याला स्वतः जाते, पूर्वी भाजी दुसऱ्याच्या हाती धाडायची. ही गाडी कमी प्रवासी म्हणून तोट्याची धरू नये. इथं माणसंच कमी आहेत, आणि त्यांना दुसरी एसटी नाही.

सांज सरलीय. पावसाची रिपरिप सुरू झालीय. वळणावर दिवे दिसले, देवळाच्या भिंतीवर उजेड फिरला. मुली उतरल्या, पाटी उतरली. “मांडुकलीला पाणी चढाय लागलंय,” वाहक पारावरच्या मंडळींना सांगतो.

चालक गाडी मागं-पुढं घेतो आणि तोंड रस्त्याकडं करून उभी करतो.