पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात नव्याने आलेल्यांसाठी

श्रोतेहो, नमस्कार.

मे-जूनमध्ये नेमणुका होतात, बदल्या होतात. सोलापूर, बीड, लातूरकडचे शिक्षक, परिचारिका, बँकेतली मुलं-मुली सामान घेऊन आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात येतात आणि पाठोपाठ पाऊस येतो. छत्री, रेनकोट सगळं त्यांच्याजवळ असतं. भिजायची तयारी असते. पण चार महिने काही धड सुकणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. गावात दवाखाना चालवताना हे मी दर पावसाळ्यात बघतो, म्हणून आज त्यांच्याशी बोलायचं आहे. त्यांच्या शेजाऱ्यांशीही.

आधी घामाचं. देशावर उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो, इथे तो सहसा ३३-३४च्या आसपास असतो. तरीही नवा माणूस म्हणतो, "डॉक्टर, आमच्याकडचं ऊन परवडलं." त्याचं म्हणणं खरं आहे. कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो नुसता निथळतो. पाणी जातं, मीठ जातं, अंग मात्र निवत नाही. शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर भर दुपारी अंगमेहनतीची कामं काढू नका. सकाळी उकड्या तांदळाची पेज घ्या, दुपारी मीठ घातलेलं कोकम सरबत. रक्तदाबाचा त्रास असेल त्यांनी मिठाचं आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आता पाऊस. सोलापुरात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पडतो. रत्नागिरीत ३०००हून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत चामड्याच्या चपलेवर हिरवट बुरशी चढते, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, काडी ओढली की गुलच खरवडून निघतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. सुती पातळ कपडे वापरा; जीन्स सरळ बांधून ठेवा.

पण मला सगळ्यात काळजी वाटते ती पायांची. मागच्या पावसात एक तरुण शिक्षक आले. बूट काढले, तर मोजा बोटांना चिकटलेला. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरीफटक, भिजून सुटलेली, खाली लाल मांस. चिखल्या. शाळेत दिवसभर ओले बूट घालून उभे राहायचे. जांघेतल्या गजकर्णाला त्यांनी दुकानातून आणून एक मलम लावलं होतं, स्टेरॉइड मिसळलेलं. अशा मलमाने खाज लगेच थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि मग महिनोन् महिने हटत नाही. तेव्हा मलम डॉक्टरांना दाखवूनच घ्या. पावसात रबरी सँडल घाला, घरी आल्यावर पाय धुऊन बेचकी कोरड्या फडक्याने टिपा. शाळांनी, कार्यालयांनी या चार महिन्यांत बुटांचा आग्रह सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कारण अशा फुटलेल्या कातडीतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे, जंतू अंगात शिरतात. उंदरांच्या मुतातून ते साचलेल्या पाण्यात, शेतातल्या चिखलात येतात. अशा पाण्यातून चालणं झालं असेल आणि पुढे ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर घरी गोळ्या खात बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि पाण्यातून चाललो होतो, हे आठवणीने सांगा. वेळेवर औषध मिळालं तर हा आजार बरा होतो.

आणि शेजाऱ्यांनो, आपण आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, बेगमी करतो, तेव्हा भाड्याने राहणाऱ्या त्या मुलीलाही हाक मारा. तांदूळ, डाळ, मिरच्या, आमसुलं किती भरायची ते तिला सांगा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तर सुकट, सोडे आत्ताच घ्यायला लावा. तिची खोली कोंदट असेल, तर ओले कपडे तुमच्या चुलीवरच्या दांडीला वाळत घालू द्या.