विश्वाला बहर आला तेव्हा

नमस्कार मंडळी! डिसेंबरची रात्र आहे, मी नागपुरातल्या आमच्या गच्चीवर उभी आहे आणि माझ्यामागे पूर्वेला मृग वर आलाय. एका रांगेतले ते तीन तारे, मृगाच्या पोटात घुसलेला बाण, शहराच्या उजेडातही दिसतात. त्यांच्याजवळच दक्षिणेला एक धुरकट ठिपका आहे, तो नीट बघा. तिथे नवे तारे जन्माला येताहेत. तिथून उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे 1300 वर्षं लागतात, त्यामुळे आपल्याला दिसतं ते तेव्हाचं.

असे पाळणे आपल्या आकाशगंगेत जागोजागी आहेत. सगळ्यांचं मिळून वर्षाला उत्पादन किती? वजनात मोजलं तर जेमतेम एक-दोन सूर्यांइतकं.

आता एक हिशेब करू. वर्षाला दोन सूर्य धरा आणि त्याला विश्वाच्या पूर्ण वयाने, म्हणजे सुमारे 1380 कोटी वर्षांनी गुणा. येतात 2760 कोटी सूर्य. पण आकाशगंगेतल्या ताऱ्यांचं एकूण वजन भरतं सुमारे 5000 कोटी सूर्यांइतकं! हिशेब जुळत नाही. म्हणजे पूर्वी कधीतरी तारे याहून कितीतरी वेगाने घडले असणार.

केव्हा, ते शोधायची युक्ती मला फार आवडते. ताऱ्यांची नवी पिढी जन्मली की तिच्यात काही प्रचंड, निळे तारे असतात. ते भसाभस जळतात आणि तीसेक लाख ते काही कोटी वर्षांत संपतात. म्हणून एखादी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची वसाहत, निळी आणि अतिनील दिसली, तर समजायचं की तिथे पाळणा नुकताच हललाय. आणि जितकं दूर बघाल तितका जुना काळ दिसतो, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवरच्या दीर्घिका मोजल्या की इतिहास हाती येतो.

डिसेंबर 1995 मध्ये हबल दुर्बीण सप्तर्षीतल्या एका अगदी रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस रोखून धरली होती. तेवढ्याशा जागेत सुमारे 3000 दीर्घिका सापडल्या. 1996 मध्ये खगोलशास्त्रज्ञ पिएरो मदाऊ आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या उजेडावरून ताऱ्यांच्या जन्मदराचा आलेख काढला. त्यात उणीव होती ती धुळीची. धूळ निळा उजेड गिळते, तापते आणि तो अवरक्त किरणांत परत सोडते. पुढे अवरक्त दुर्बिणींनी ही झाकलेली बाजूही मोजली.

चित्र असं निघालं: जन्मदर सुरुवातीला चढत गेला, सुमारे 1000 कोटी वर्षांपूर्वी शिखरावर पोचला आणि मग उतरत उतरत आज जवळपास दहाव्या हिश्शावर आलाय. आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा. बहर ओसरल्यावर आलेलं फळ आहे ते.

बहर का ओसरला? काटोलकडे माझ्या मामांचा संत्र्याचा बगीचा आहे. ते म्हणतात, "झरा चालू हाये तोवर बगीचा हाये." विहिरीत आज पाणी किती, यापेक्षा झऱ्यातून भर किती पडते ते महत्त्वाचं. दीर्घिकेचं पाणी म्हणजे हायड्रोजन वायू, आणि तो बाहेरून येत राहावा लागतो.

हे मोजलं कुणी? आपल्या महाराष्ट्रातल्या दुर्बिणीने! नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. हायड्रोजनचा 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींतला संदेश इतक्या लांबून येताना ताणला जातो आणि इतका क्षीण होतो की एकट्या दीर्घिकेचा ऐकूच येत नाही. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी 7653 दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले, तेव्हा तो उमटला. 2020 मध्ये त्यांनी सांगितलं, की सुमारे 800 कोटी वर्षांपूर्वीच्या या दीर्घिकांकडचा अणुरूप हायड्रोजन त्यांच्या तेव्हाच्या वेगाने 100 ते 200 कोटी वर्षांतच संपला असता. उपसा जोरात आणि झरा मंद! 2022 मध्ये ते आणखी मागे, 900 कोटी वर्षांपर्यंत गेले. तिथे वायू जवळपास तिप्पट होता. एवढ्या मोठ्या इतिहासात 100 कोटी वर्षं म्हणजे काहीच नाही, आणि तेवढ्यात विहीर इतकी खाली गेली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

झरा मंद का झाला, याची कारणं गुंतलेली आहेत. तारा घडायला ढग उणे 260 अंशांच्या आसपास गार लागतो. मोठ्या दीर्घिकांभोवतीचा वायू मात्र लाखो अंश तापलेला असतो, तो निवून आत पडायला फार वेळ घेतो. त्यात मधल्या कृष्णविवराची ऊर्जा त्याला आणखी तापवते.

जमलं तर या महिन्यातल्या अमावास्येला पेंचला जा. आपल्याच जिल्ह्यातलं हे जंगल 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, झालं. तिथे संध्याकाळी डोक्यावर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. उजेड 25 लाख वर्षांपूर्वीचा. आकाराने आपल्याहून मोठी, पण नवे तारे मात्र आपल्याहून कमी घडवते. कानटोपी न्या, रात्री तिथे फार गारठा असतो.