मास्तरांच्या चित्रांतलं पाणी

(मास्तरांच्या पहिल्या स्मृतिदिनी कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. काकू पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना आधी नमस्कार करतो. काकू, गुडघ्याला त्रास व्हायला लागला तर मधे उठा, मी थांबेन.

मला विषय दिलाय तो ‘मास्तरांच्या चित्रांतलं पाणी’. विषय मीच मागून घेतलाय. माझ्या आधी बोललेले सगळे चित्रकार, कलाशिक्षक. मी फ्रेमा करतो. चौतीस वर्षं करतोय. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं रविवारी पहाटे दुकान उघडायच्या आधी मास्तरांची पाण्याची बाटली आणि बोर्ड घेऊन त्यांच्याबरोबर रंकाळ्यावर जायचो. तुम्ही सगळ्यांनी मास्तरांची चित्रं पुढून पाहिलीत. मी ती मागून पाहिलीत. आज त्या मागच्या बाजूबद्दल सांगायचंय. तीन गोष्टी बोलणार आहे: मास्तर पाणी कसं लावायचे, त्या चित्रांचं पुढं काय झालं, आणि चित्रकार आबालालांपासून चालत आलेली जी वाट आहे तिच्यावर मास्तर कुठं उभे आहेत. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तिच्यासाठी वेळ राखून ठेवतो.

आपल्या गावाची एक रीत आहे. आबालाल रहिमान कलातपस्वी, बाबूराव पेंटर कलामहर्षी, जी. कांबळे कलायोगी. गावानं प्रेमानं दिलेली नावं आहेत ही, आणि ती माणसं त्या नावांना पुरून उरली. गेल्या वर्षभरात मास्तरांनाही दोन-तीन सभांत पदव्या दिल्या गेल्या. देणाऱ्यांचं मन मला कळतं. पण भाजी घेताना, चहाच्या गाड्यावर, रिक्षा स्टॉपवर लोक त्यांना मास्तरच म्हणायचे, आणि त्या एका शब्दावर त्यांची मान वळायची. मी तोच शब्द वापरणार.

तर पाणी. मास्तर आदल्या रात्री कागद भिजवायचे. बोर्डावर ओला कागद पसरून चारी कडांना कागदी गमटेप. सकाळपर्यंत तो ढोलकीच्या चामड्यासारखा ताणलेला असायचा. टिचकी मारून बघायचे. आवाज बरोबर आला की निघायचं. सव्वासहाला आम्ही रंकाळ्याच्या पाण्यातल्या संध्यामठासमोर. रंकाळ्यावर त्या वेळी फिरायला येणारे चार लोक, धुण्याच्या चावीकडनं कपडे आपटल्याचा आवाज, आणि पाणी असं की वाटावं कुणी इस्त्री केलीय.

मास्तर बसायचे आणि अर्धा तास काहीच करायचे नाहीत. मला वाटायचं, आज मूड नाही. एकदा विचारलं. म्हणाले, “अरं, पाणी काढायचं नसतंय. पाण्याला जाऊ द्यायचं असतंय.” तेव्हा काही कळलं नाही. मग त्यांनी मोठा ब्रश भरून घेतला, कागदाच्या वरच्या कडेला एक पट्टा ओढला, बोर्ड पायाखालच्या दगडावर थोडा कलता केला, आणि तो रंगाचा थेंब आपल्या वजनानं खाली यायला लागला. त्याला वाट द्यायची, मधे हात घालायचा नाही. आकाश झालं. तोच ओघ मठाच्या रेषेपाशी तुटू न देता खाली पाण्यात आणला. आकाश आणि पाणी एका दमात, एका भरलेल्या ब्रशात. मठ त्यात नंतर आला, कागद अर्धवट ओला असताना, म्हणून त्याच्या पायाशी कड विरघळलेली दिसते.

आणि एक बारीक गोष्ट. ज्यांच्या घरी चित्र आहे त्यांनी आज जाऊन बघा. मठ काळ्या दगडाचा. पाण्यातला मठ मास्तर जरा उजळ ठेवायचे. कडेनं पांढरा बगळा असला तर पाण्यातला बगळा जरा मळका. काळ्याचं प्रतिबिंब काळ्याहून उजळ, पांढऱ्याचं पांढऱ्याहून मळकं. हे बघून-बघूनच कळतं. आणि बगळ्याला त्यांनी पांढरा रंग कधी लावला नाही. तो कोरा कागद. ट्यूबमधलं पांढरं त्यांच्या पेटीत नव्हतंच. “पांढरं कागदाकडं आहे की, विकत कशाला घ्यायचं,” म्हणायचे.

चित्र झालं की ते वाळेपर्यंत आम्ही चहा घ्यायचो, आणि मग घरी जाऊन टेप कापल्यावर मास्तर मागं पेन्सिलीनं लिहायचे. तारीख. वेळ. वारा कुठला. आणि पाणी कुठपर्यंत. ‘पाणी जोत्याला.’ ‘पाणी खांबाच्या निम्म्यावर.’ ‘पाणी तिसऱ्या पायरीखाली, जलपर्णी डावीकडे.’ हे ते कुणासाठी लिहीत होते, मी विचारलं नाही. मी काय करायचो? त्यावर हार्डबोर्ड ठोकायचो, वर खाकी कागद चिकटवायचो आणि आकड्यात दोरी ओवून द्यायचो. शेकडो वेळा केलंय. त्यांचं ते सगळं लिखाण आज आपल्या गावातल्या भिंतींकडं तोंड करून बसलंय.

आता दुसरी गोष्ट, आणि ती सांगताना मला जरा त्रास होणार आहे.

गावातल्या एका संस्थेनं, नाव घेत नाही, मास्तरांकडून एक मोठं चित्र घेतलं होतं. रंकाळ्याची संध्याकाळ. पूर्ण इम्पिरियल कागद, तीस इंच रुंद. फ्रेम मी केली. आकाशात जांभळ्यावरून गुलाबीकडं जाणारा एक पट्टा होता. तो बघून दुकानात आलेलं गिऱ्हाईक आपलं काम विसरून उभं राहायचं. संस्थेनं ते हॉलमध्ये लावलं. पश्चिमेच्या खिडकीसमोर. मी त्या दिवशीच सांगितलं, इथं नको, रोज चारनंतर थेट ऊन येतं. “तिथं खिळा आहे,” असं उत्तर मिळालं.

मंडळी, संग्रहालयांत जलरंगाच्या चित्रावर साधारण ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. थेट ऊन लाखभर लक्सच्या घरात जातं. आणि मास्तर त्या काळात वापरायचे ते क्रिमझन लेक. देखणा तांबडा रंग, पण उजेडात टिकत नाही. अल्ट्रामरीन टिकतं, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना हे मातीचे रंग, ते आपल्यापेक्षा जास्त जगतात. मग काय होतं? जांभळ्यातला तांबडा उडून जातो आणि निळा मागं राहतो. पंधरा-सोळा वर्षांत त्या चित्रातली संध्याकाळ गेली आणि तिथं दुपार झाली. बघणाऱ्याला वाटावं मास्तरांनी रंकाळ्याची दुपारच काढली होती.

पुढं हॉलचं रंगकाम निघालं. कुणीतरी म्हणालं, चित्र पण विटलंय, जरा ताजं करून घ्या. भिंती रंगवणाऱ्या मुलाला सांगितलं. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला सांगितलं ते त्यानं केलं. पोस्टर कलरनं आकाश गुलाबी केलं आणि मठाच्या मागं एक गोल सूर्य बसवला.

मास्तरांना हे माझ्याकडून कळलं. मी ते चित्र ‘काच बदलायचीय’ म्हणून दुकानात आणलं होतं. ते आले. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “सूर्य कुठनं आला? मी बसलो तेव्हा तो बुडला होता.” एवढंच. मग म्हणाले, उघड.

मी मागचे बारीक खिळे काढले, पुठ्ठा काढला, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचललं. आणि माउंटच्या खाली, चारी बाजूंनी, करंगळीएवढ्या रुंदीची एक पट्टी होती, जिथं कधीच ऊन पोचलं नव्हतं. तिथं ती संध्याकाळ होती. जशीच्या तशी. वरच्या कडेला जांभळी, डाव्या अंगाला गुलाबी होत खाली पाण्यात गेलेली. मास्तरांनी चित्र उचलून दाराशी उजेडात नेलं, चष्मा कपाळावर सारला आणि नाक टेकेल इतकं जवळ धरलं. माझ्याकडून एक रद्दी तुकडा मागून घेतला, खिशातनं पेटी काढली, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यात ब्रश बुचकळला आणि त्या पट्टीशी जुळवत रंग लावत बसले. सहा-सात पट्टे लावले. शेवटचा बरोबर जुळला. म्हणाले, “हे बघ, एवढी राहिलीय. चिक्कार झालं.” तो तुकडा माझ्याकडं आहे. आज आणलाय, नंतर बघा. हात लावू नका.

मी संस्थेला विनंती केली. चित्र आहे तसं राहू द्या, मी पदरच्या पैशानं मोठं माउंट करतो, म्हणजे ती कड लोकांना दिसेल, आणि आतल्या भिंतीवर लावू. त्यांनी ऐकून घेतलं, चित्र नेलं. या कार्यक्रमासाठी मागच्या महिन्यात ते मागायला गेलो. कपाट सापडलं, चित्र नाही. तिथल्या क्लार्कनं बिचाऱ्यानं कष्ट घेऊन डेडस्टॉक रजिस्टर काढलं. त्यात नोंद होती: ‘फोटो, मोठा, काचेसह, नग १.’ आणि पुढच्या रकान्यात शेरा: ‘निर्लेखित.’ म्हणजे यादीतनं काढून टाकलेला.

फोटो. मास्तरांचं नाव नाही, रंकाळ्याचं नाही, साल नाही. ज्या खुर्च्या त्याच्याबरोबर निर्लेखित झाल्या, त्यांचं वर्णन जास्त सविस्तर होतं: लोखंडी, घडीच्या, तपकिरी. मला राग आला तो तिथं. चित्र विटतं, कसर लागते, ते आपल्या हवेत व्हायचंच. पण चित्र कुठलं होतं हेसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून ते टाकताना कुणाचा हात अडला नाही.

ओघात आलं म्हणून सांगतो, चित्राची काच पुसायची तर फडक्यावर पाणी घ्या, काचेवर मारू नका. ते खाली कडेतनं आत शिरतं आणि मग बुरशी. पावसाळ्यात भिंत पाझरते, तेव्हा चित्र उतरवून ठेवा. फ्रेमच्या मागं खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे चिकटवा, हवा खेळते. आणि काकूंच्या घरी परवा कुणीतरी मास्तरांनी काढलेल्या चित्राला हार घातला होता. ओला हार. भावना कळते, पण फोटोला घाला, चित्राला नको.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तिसरी गोष्ट मग थोडक्यात सांगतो. आबालाल मुंबईला जे. जे. मध्ये शिकले, तिथं नाव काढलं, आणि परत इथं आले. शाहू महाराजांनी त्यांना आधार दिला. त्यांनी रंकाळा रंगवला, कोटितीर्थ तळं रंगवलं, एकच जागा वेगवेगळ्या प्रहरी. १९२२ मध्ये महाराज गेले आणि त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. १९३१ मध्ये ते गेले. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत, जाऊन बघा, मुलांना न्या. नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरेंनी राजारामपुरीतलं आपलं राहतं घर चित्रांसाठी दिलं, म्हणून आज त्यांची निसर्गचित्रं एका छताखाली आहेत. मास्तरांकडं द्यायला घर नव्हतं, भाड्याच्या दोन खोल्या होत्या. त्यांची चित्रं आपल्या घरांत आहेत.

माझं म्हणणं असं की मास्तरांनी आबालालांची वाट चालवली ती जागेच्या बाबतीत. एकाच मठासमोर चाळीस वर्षं बसणं. पण त्यात त्यांनी एक भर घातली, ती मागची नोंद. ही चित्रं तारखेप्रमाणे ओळीनं लावली तर चाळीस वर्षं रंकाळ्याचं पाणी कधी किती होतं, जलपर्णी कुठपर्यंत आली होती, काठावर कुठली झाडं होती आणि कुठल्या साली ती चित्रातनं गेली, हे सगळं दिसेल. त्यांचा रंगही बदललेला दिसेल. शेवटच्या काही वर्षांत पाण्यात हिरवा वाढत गेलाय, तो काही त्यांच्या मनचा नव्हता. यावर मला बरंच बोलायचं होतं, उदाहरणं काढून ठेवली होती, ती राहू देत.

काम सांगतो आणि थांबतो. बाहेर दाराच्या डाव्या बाजूला टेबल मांडलंय, त्यावर एक वही आहे. ज्यांच्याकडं मास्तरांचं चित्र आहे त्यांनी नाव, पत्ता लिहून जा. विकत घेतलेलं, लग्नात आहेर आलेलं, ट्यूशनच्या फीच्या बदल्यात त्यांनी उलट तुम्हालाच दिलेलं, सगळं चालेल. घरी स्वतः फ्रेम उघडू नका. मी येईन, रविवारी सकाळी, एका दिवशी तीन घरं. उघडून, मागचं उतरवून, फोटो काढून, पुन्हा नीट बसवून देईन. पैसे नाहीत. मागचा पुठ्ठा बदलीन, कारण तो आधीचा पुठ्ठा मीच घातलाय आणि त्यानंच कागद पिवळा पडतो, हे मला फार उशिरा कळलं.

वहीतली पहिली नोंद काल रात्री मी केली. माझ्या दुकानातलं चित्र, मास्तरांनीच दिलेलं, बावीस वर्षं भिंतीवर होतं. मागची बाजू मी त्या वेळी न वाचताच झाकली होती. वाचून दाखवतो. ‘संध्यामठ. सकाळी साडेसहा. पाणी जोत्याखाली दोन बोटं. वारा नाही. बरोबर फ्रेमवाला पोरगा, थंडीनं काकडतोय, पण घरी जाऊ म्हणत नाही.’