कर्जात बुडालेलं वाल्डेक

मित्रहो, वाल्डेक-पिर्मोंट हे जर्मनीतलं जुनं संस्थान जेमतेम 1121 चौरस किलोमीटरचं, तेही दोन तुकड्यांत विभागलेलं. वाल्डेक आजच्या हेसन राज्यातल्या डोंगराळ जंगलात. पिर्मोंट तिथून बरंच उत्तरेला, खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. ते या घराण्याकडे 1625 साली वारशाने आलं. जमीन फारशी पिकाऊ नाही, मोठं शहर नाही.

अशा मुलखाचा सरदार फ्रीडरिश आंटोन उलरिश 1712 साली पवित्र रोमन सम्राटाकडून ‘फ्युर्स्ट’, म्हणजे संस्थानिक राजा, ही पदवी मिळवतो. त्याच सुमारास वाल्डेकमधल्या आरोल्सेनला, फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्याच्या धर्तीवर, राजवाड्याचं काम सुरू झालं. राजवाडा देखणा आहे, यात वाद नाही. पण दरबाराचा हा थाट त्या तिजोरीला झेपणारा नव्हता. पुढची दोनशे वर्षं हे घराणं कर्जातून वर आलं नाही, आणि माझ्या मते वाल्डेकचा सगळा इतिहास या कर्जाच्या बाजूनेच वाचायला हवा.

पैसा आणायचा कुठून? पलटणी भाड्याने देऊन. डचांकडे वाल्डेकच्या पलटणी आधीपासून होत्याच. 1776 साली तेव्हाचा राजा फ्रीडरिश कार्ल आउगुस्ट याने इंग्लंडशी करार केला आणि एक रेजिमेंट अमेरिकन वसाहतींचं बंड मोडायला निघाली. आधी न्यूयॉर्क, मग थेट फ्लोरिडातलं पेन्साकोला. डोंगरातली ही पोरं त्या दमट किनाऱ्यावर तापाने मेली. काही 1779 साली आजच्या लुइझियानातल्या बॅटन रूजला, इंग्लंडविरुद्ध युद्धात उतरलेल्या स्पॅनिश सैन्याच्या हाती लागली, उरलेली 1781 साली पेन्साकोला पडल्यावर. युद्धभरात मिळून बाराशेच्या आसपास माणसं पाठवली गेली. निम्म्याहून अधिक परतली नाहीत. हिशेब राजाच्या नावे जमा झाला आणि रिकामी घरं रयतेच्या वाट्याला आली. मला याचा आजही संताप येतो.

1866 च्या प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धात वाल्डेक प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या बाजूने राहिलं, म्हणून ते खालसा झालं नाही. पण कारभार चालवायलाच पैसा उरला नव्हता. 1867 साली वाल्डेकचा राजा गेओर्ग व्हिक्टर याने करार करून सगळं प्रशासन प्रशियाच्या हवाली केलं. गादी राहिली, राज्य दुसऱ्याचे अधिकारी चालवू लागले.

आणि याच राजाच्या मुली युरोपातल्या मोठ्या घरांत गेल्या! हेलेना व्हिक्टोरिया राणीची सून झाली. एम्मा 1879 साली, विशीत असताना, एकसष्ट वर्षांच्या डच राजाशी, तिसऱ्या विलेमशी, लग्न करून गेली. त्याचे पहिल्या लग्नाचे मुलगे एकामागून एक वारले. 1890 साली राजाही गेला आणि दहा वर्षांच्या विल्हेल्मिनाच्या वतीने एम्माने 1898 पर्यंत राज्य सांभाळलं, तेही उत्तम रीतीने. आजचं डच राजघराणं तिचाच वंश.

तिचा भाऊ फ्रीडरिश हा वाल्डेकचा शेवटचा राजा. 1918 च्या क्रांतीत गादी गेली, 1922 साली पिर्मोंट आणि 1929 साली वाल्डेकही प्रशियात विलीन झालं. फ्रीडरिशचा मुलगा योझियास मात्र एसएस या हिटलरच्या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेत शिरला आणि तिथल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक झाला. बूखनवाल्डची छळछावणी त्याच्या अधिकारक्षेत्रात होती. 1947 साली दाखाऊ इथल्या अमेरिकन लष्करी न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. 1950 सालीच तो सुटला. आरोल्सेनचा राजवाडा पाहायला जाल तेव्हा पेन्साकोलाच्या पोरांसोबत हेही लक्षात असू द्या.