बोकड हातानं नको, काट्यानं विका

नमस्कार मंडळी. धाराशिव, लातूर, बीडकडच्या शेळ्या सांभाळणाऱ्या भावा-बहिणींनो, आज चारा-बिरा राहू द्या, आज फक्त विकण्याचं बोलू. आपली उस्मानाबादी शेळी जुळी देते, दुष्काळात काटेरी झुडपावरही तग धरते, जनावरात काही खोट नाहीये, खोट आपल्या सौद्यात आहे.

माझंच सांगतो. काळाभोर बोकड होता, व्यापारी दारात आला, पाठीवरनं हात फिरवला, कमरेला धरून जरासा उचलला आणि म्हणाला, "१८ किलो भरंल बघा." मी देऊनच टाकणार होतो, पण बायकोनं सकाळीच त्याला किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणलेलं, २४ किलो! सहा किलो त्या माणसाच्या तळहातातच गायब.

आता हिशोब बघा. जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडं कमी मटण निघतं, म्हणजे २४ किलोला ११ धरा. मटण समजा ७०० रुपये किलो असलं तर ७७०० झाले, मुंडी-पाय-वजडी वेगळंच. खाटकाची मेहनत, गाडीभाडं, नफा सोडा की, त्यालाही पोट आहे, पण आपण कुठं अडून बसायचं ते तरी कळतं. आणि तोलायचं सकाळी, चारा-पाण्याच्या आधी. संध्याकाळी पोट टम्म असतं, व्यापारी ते बरोबर ओळखतो आणि मग तुमचा काटाच खोटा ठरवतो.

दुसरं टायमिंग. जूनमध्ये बी-खताला पैसे पाहिजेत म्हणून सगळं गाव एकदमच बोकड बाजारात नेतं, मग भाव कुठनं येणार? आखाडात, गटारीपर्यंत मागणी असते, श्रावण लागला की संपलं. बकरी ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं सरकते, त्या बोकडाला वर्ष पूर्ण लागतं, दोन पक्के दात आलेत का ते बघतात, लंगडा चालत नाही. पाच महिने गाभणकाळ, वर बारा महिने, म्हणजे सतरा महिने आधी शेळी लावलेली पाहिजे. आणि हो, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या, तो रोग नेमका खाऊन-पिऊन तयार झालेलाच बोकड एका रात्रीत नेतो.

आमच्या वस्तीवर चार घरांनी वर्गणी काढून हूकवाला काटा घेतलाय, लिंबाच्या फांदीला लटकत असतो. परवा तोच व्यापारी आला, सवयीनं हात पाठीकडं नेला, मग वर बघितलं आणि म्हणाला, "लटकवा."